शाल घेतलीस का?

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १५० किलोमीटरवर, बारा महिने दुपारी ३१-३२ डिग्री, आणि मी ताईकडे आल्यापासून रोज थंडीने कुडकुडतेय, कोणाला सांगू! मॉलमध्ये एसी, ट्रेनमध्ये एसी, बसमध्ये तर डोक्यावर बर्फाची लादी ठेवल्यासारखं. बाहेर चिकचिक घाम आणि आत शिरलं की तोच घाम पाठीवर गार होऊन बसतो.

आणि चष्मा!! मॉलच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की काचांवर वाफ, मी आपली तिथेच उभी, ओढणीने पुसतेय (ओढणीही दमट, त्यामुळे नुसते ओघळ), तोवर ताईचा धाकटा पार सिग्नलपर्यंत पोचलेला आणि ताई ओरडतेय, अगं पकड त्याला. काय पकडू, दिसतंय कुठे!

दाजी म्हणतात सवय होईल. त्यांचं काय जातंय, त्यांच्या ऑफिसात म्हणे सगळे खुर्चीला स्वेटर अडकवूनच ठेवतात. विषुववृत्तावर स्वेटर! काल फूड कोर्टात मी सूप घेतलं ते फक्त हात शेकायला. पर्समध्ये शाल आणि छत्री दोन्ही कोंबून फिरतेय.

आणि घरी? घरी एसी बंद, बिल येतं म्हणून.