"गाडी लागली का, जावईबापू?"

काल रात्री भरल्या पंगतीत बायकोच्या मामांनी जाहीर केलं, "जावईबापूंचं विमान सकाळपासून लागलेलंच नाही." सगळे खो खो हसले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, म्हणजे सर्वांत जास्त त्याच हसत होत्या.

हौस माझी साधी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि जुहूला उतरले. विमान पुस मॉथ, एका इंजिनाचं. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, तेच विमान घेऊन त्याच वाटेनं जायचं, एवढंच. त्यांच्याकडे रेडिओसुद्धा नव्हता, आणि अहमदाबादला पेट्रोलचे डबे म्हणे बैलगाडीतून आले. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे, ज्याची घरात मी निम्मीच किंमत सांगितली आहे. तरी माझं विमान कराची सोडत नाही.

सोडेल कुठून? आधी यायला तर हवं. एकदा नुसता पंखाच आला. गरगर फिरतोय, आणि मागे विमान नाही. मग विमान आलं ते पांढरंफटक, पोटापर्यंत धावपट्टीत रुतलेलं. आत डोकावलो तर वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या जागी काळी भोकं. शेवटी सिम्युलेटरनं कंटाळून, मला न विचारता, स्वतःचं एक सेसना विमान आणून उभं केलं.

नेमके तेव्हाच मामा खोलीत आले. मामा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण खुर्चीत बसले की हात अजून माइक चाचपतो.

"कितीची गाडी?"

"गाडी नाही मामा, विमान आहे. लोड होत नाहीये."

"ते दिसतंय. सुटायची वेळ काय?"

"वेळ अशी काही नाही. मला वाटेल तेव्हा."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे जादा गाडी."

मी समजावायला गेलो, तिथेच फसलो. विमानाचं एक फोल्डर असतं, त्यात आकार, रंग, आवाज, घड्याळं यांची पोटफोल्डरं, आणि कुठून काय उचलायचं ते एअरक्राफ्ट डॉट सीएफजी नावाच्या फाइलीत लिहिलेलं. हे पुस मॉथ कुणा हौशी माणसानं केलेलं. घड्याळं स्वतः न करता त्यानं सिम्युलेटरच्या मूळ सेसनातली उसनी घेतली. आपल्या फोल्डरात फक्त त्यांचा पत्ता लिहून ठेवला. परवा रात्री अपडेट आलं आणि त्या सेसनाच्या फोल्डरचं नावच बदललं. पत्ता मात्र जुनाच राहिला.

मामांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "म्हणजे बॉडी एकाची, चॅसी दुसऱ्याची. दापोडीला पाठवा."

"अहो मामा, हे—"

"मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहे. पाठवून द्या. तोवर पर्यायी गाडी सोडा. ही काय, उभीच आहे की!" बोट सेसनाकडे.

"पण मला पुस मॉथच पाहिजे."

"प्रत्येकाला शिवनेरीच पाहिजे असते. शेवटी लाल डब्यातून जातातच ना? प्रवासी किती?"

"प्रवासी नाहीत. टपाल आहे."

"मग ओरडतंय कोण? सोडा!"

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांची ही सेवा पुण्याहून चालायची. मामा एकदम खूश. "बघा! मोठी माणसं पर्यायी व्यवस्था करतात. हट्ट धरून बसत नाहीत." मग माझीच वही ओढून त्यांनी रकाने आखले: गाडी, मार्ग, सुटण्याची वेळ, विलंबाचं कारण. शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चालक तयार नाही.'

चालक! चालक पहाटेपासून तयार आहे हो! नोटपॅड उघडून जुना पत्ता चालकानंच दुरुस्त केला, तेव्हा कुठे घड्याळं दिसली. विमान पांढरं ते पांढरंच. लॉग, म्हणजे सिम्युलेटरची रोजनिशी, उघडावा तर हजारो ओळी, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याशी संबंध नसलेल्या विमानतळांच्या कुरकुरी. सिम्युलेटरच्या कंपनीच्या मदत पानावरचा रामबाण उपाय असा: बाहेरून आणलेली सगळी विमानं फोल्डरातून काढा, एकेक परत टाका, प्रत्येक वेळी सिम्युलेटर नव्यानं सुरू करा. तो सुरू होईपर्यंत चहा होतो, निवतो, वर साय धरते. पैसे मोजून घेतलेली वस्तू रात्री आपणहून बदलते, बदलांच्या यादीत 'स्थैर्यात सुधारणा' एवढंच छापते, आणि काय मोडलं ते शोधायचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. एस.टी.त भांडायला निदान खिडकी असते, खिडकीमागे माणूस असतो. त्याचा पारा चढतो, आपलाही चढतो, बरं वाटतं. इथे भांडायचं कुणाशी?

तरी रागाच्या भरात सविस्तर तक्रार पाठवली. चित्रं जोडली, लॉग जोडला. उत्तर क्षणार्धात आलं, म्हणजे वाचलेलं नव्हतंच: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे, सोबत तक्रार क्रमांक.

मी ते मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं होतं, निदान आता तरी माझ्या बाजूनं दोन शब्द बोलतील. मामांनी वही मिटली आणि म्हणाले, "परत वाचा बरं. मसुदा झकास आहे. आम्ही अगदी हेच लिहायचो."