प्लीज, मुलांना ट्रिक सांगू नका

मध्यंतरी एका आईचा रात्री साडेदहाला फोन आला, मुलगी सातवीत आहे. म्हणाल्या, "काकू, तुम्ही रविवारी दिलेलं ते गणित सांगून टाका ना तिला, चार दिवस झाले तेच घेऊन बसलीये, जेवताना पण ताटात बोटानं आकडे काढते, बाकीचा अभ्यास राहतोय." मी नाही सांगितलं. त्यांना थोडं वाईट वाटलं असणार, म्हणून मनातलं सगळं इथे लिहून काढते. थोडं लांबेल.

मी नाशिकरोडला राहते, रविवारी सकाळी सहावी ते आठवीची सात-आठ पोरं घरी येतात आणि आम्ही स्पर्धेची गणितं सोडवतो. फी नाही, टेस्ट सिरीज नाही. स्कॉलरशिप, गणित प्रभुत्व, ऑलिम्पियाडचे जुने पेपर जे हाताला लागेल त्यातलं एखादं चांगलं गणित घ्यायचं आणि त्याच्याशी झटायचं. दोन तासांत कधी तीन होतात, कधी एक पण होत नाही.

त्या मुलीला दिलेलं गणित असं होतं. एका वाटीत चिंचोके आहेत. दोन-दोनचे गट केले तर १ उरतो, तीन-तीनचे केले तर २ उरतात, चार-चारचे केले तर ३, पाच-पाचचे केले तर ४ आणि सहा-सहाचे केले तर ५. कमीत कमी किती चिंचोके? स्कॉलरशिपवाल्या घरात हे गणित सगळ्यांना माहिती असतं आणि त्याची ट्रिक पण माहिती असते, लसावि (ह्या सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढा आणि एक वजा करा, ६० वजा १, ५९, पुढचा प्रश्न. वीस सेकंद.

आता तिनं काय केलं ते ऐका. घरातले खरे चिंचोके घेतले. आधी सहाचे गट करून ५ उरतील अशा संख्या लिहिल्या, ५, ११, १७, २३, २९, मग त्यातल्या पाचाला कुठल्या चालतात ते बघत बसली, २९ ला वाटलं सापडलं, पण चाराचे गट केले तर १ च उरला, ३ नाही. परत पहिल्यापासून. आणि फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती सरळ माझ्या दारात आली, दप्तर पण पाठीवरच, आणि म्हणाली, "काकू, प्रत्येक वेळी एकच कमी पडतोय! अजून एक चिंचोका टाकला ना वाटीत तर सगळेच गट पूर्ण होतात!"

ह्या एका वाक्यासाठी मी रविवारची झोप मोडते. उरलंय किती ह्याच्याकडे सगळे बघतात, ती कमी काय पडतंय ह्याच्याकडे बघायला लागली, आणि ते तिला कुणी सांगितलेलं नाही. लसावि तिला शाळेत शिकवलेला होताच, पण तो कशाला असतो हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढची गोष्ट अजून महत्त्वाची. त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यांना तेच गणित जरासं बदलून दिलं, की २, ३, ४, ५, ६ कशानंही भागलं तरी १ च उरतो आणि ७ नं भागलं तर काहीच उरत नाही. तीन मुलांनी लगेच ५९ लिहिलं, कारण क्लासच्या वहीत चौकटीत तसं लिहिलेलं होतं. हुशार पोरं आहेत ती, मनापासून सांगते, त्यांची काहीच चूक नाही. ही मुलगी म्हणाली, इथे कमी नाही पडत, इथे एक जास्त आहे, तो बाजूला काढून ठेवू. मग ६१, १२१, १८१, २४१ असं करत करत ३०१ ला पोचली. ३०१ म्हणजे सात त्रेचाळीस. तिच्याकडे ट्रिक नव्हतीच, म्हणून गणित बदललं तेव्हा तिचं काही अडलं नाही.

पालक म्हणतात पेपरात एवढा वेळ कुठे असतो. बरोबर आहे, स्कॉलरशिपच्या पहिल्या पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट पण नाही. तिथे वेग लागतोच आणि शेवटचे दोन महिने घड्याळ लावून जुने पेपर सोडवून घ्यावेत, मी पण घेते. पण पुढे बघा ना काय होतं. आठवीपासून मुलं आयओक्यूएमला, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या आपल्या देशातल्या पहिल्या परीक्षेला, बसू शकतात, तिथे ३ तासांत ३० प्रश्न, आणि ऑप्शन नसतात, उत्तर म्हणजे ० ते ९९ मधली एक संख्या, ती स्वतः काढायची, चारातला एक गोल अंदाजानं काळा करायची सोय नाही. आणि त्या वाटेच्या पार टोकाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड, जी १९९६ साली आपल्या मुंबईत झाली होती, तिथे दिवसाला ३ गणितं आणि साडेचार तास, असे दोन दिवस. एका गणिताला दीड तास! सातवीपर्यंत ज्यानं एका गणितावर दीड मिनिटाच्या वर कधी काढलेलंच नाही, तो तिथे दीड तास कसा बसणार? ही बसायची सवय अकरा-बारा वर्षांच्या वयात लागते असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ऑलिम्पियाडला सगळे थोडीच जाणार आहेत, तरी ती सवय प्रत्येकाला लागावी असं मला वाटतं.

मग मी काहीच सांगत नाही का? सांगते, पण उत्तर नाही. आता हे गणित बघा. बाद पद्धतीची खो-खोची स्पर्धा आहे, ३७ संघ आहेत, विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती? पोरं लगेच फेऱ्या मांडतात, १८ सामने, एका संघाला पुढे चाल, मग १९ संघ, ९ सामने, परत पुढे चाल... १८, ९, ५, २, १, १, बेरीज ३६. छान, बरोबर आहे. पण कुणाचं तरी मधेच चुकतं आणि रडकुंडीला येतं, तेव्हा मी एवढंच म्हणते की ३७ सोड, ३ संघ घे. मग ४ घे. मग ५ घे. सामने २, ३, ४. असं का बरं होतंय? मागच्या वर्षी एक सहावीतला मुलगा, तो स्वतः खो-खो खेळतो, म्हणाला "एका सामन्यात एकच टीम घरी जाते ना, ३६ जणांना घरी पाठवायचंय." खोलीत एकदम शांतता. दोन आठवड्यांनी मी २४ तुकड्यांची चॉकलेटची वडी सुटी करायला किती वेळा मोडावी लागेल असं विचारलं (एका वेळी एकच तुकडा मोडायचा, एकावर एक ठेवून नाही) तर तोच ओरडला, "हे खो-खोचंच गणित आहे! एकदा मोडलं की एक तुकडा वाढतो!" २३. खो-खो आणि चॉकलेट एकच आहे हे बाराव्या वर्षी कुणाला स्वतःहून दिसलं तर अजून काय पाहिजे?

आणि आम्ही तर देवळालीच्या शेजारी राहतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूला जन्म, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ह्या माणसाला आकड्यांशी खेळायचा नाद होता, दुसरं काही नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून उलटे मांडून वजा करा, परत तेच करा. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ ला परत केलं तरी ६१७४ च. कुठूनही सुरू करा, फार तर सात वेळा वजाबाकी. हे त्यांना १९४९ च्या सुमारास सापडलं, आणि १९७५ साली गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं. माझी पोरं स्वतःच्या जन्मसालापासून सुरू करतात, कुणाला किती पायऱ्या लागल्या ह्याच्या पैजा लागतात, आणि मग हळूच कुणीतरी विचारतं की वजाबाकी दर वेळी ९ नं कशी काय भागली जाते. तिथून पुढचे दोन रविवार जातात.

त्या सातवीतल्या मुलीच्या आईशी नंतर बोलले मी. आता त्यांनी स्वयंपाकघरात एक जुनी पाटी टांगलीये आणि त्यावर तिचं चालू गणित असतं. बाबा पण येता-जाता बघतात म्हणे.

सध्या पाटीवर हे आहे. बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांचे, दोन चौकोन कापून टाकले. उरले ६२. आता प्रत्येकी शेजारशेजारचे दोन चौकोन झाकतील अशा ३१ पट्ट्या घेतल्या तर पट पूर्ण झाकता येईल का? येत नसेल तर का नाही? उत्तर येत असलं तरी खाली लिहू नका हं, पोरांच्या हातात आयांचे फोन असतात आणि त्यांचं अजून चालू आहे.