शाळा कोणी उघडल्या?

‘वसाहतवाल्यांनी निदान शाळा तरी दिल्या’ हे वसाहतींमधल्या शिक्षणावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. दिल्या, पण कोणाला आणि किती? बेल्जियमने काँगोत मिशनऱ्यांकरवी प्राथमिक शाळा भरपूर उघडल्या, पण १९६० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले पदवीधर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच होते. आपल्याकडे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं: सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

दुसरं म्हणजे, लोकांनी स्वतः उभारलेल्या शाळा लेखात कुठेच नाहीत. इंडोनेशियात शिक्षणतज्ज्ञ की हजर देवांतारा यांनी १९२२ मध्ये योग्याकार्ता इथे ‘तमन सिस्वा’ ही शाळा सुरू केली. १९३२ मध्ये तिथे राज्य करणाऱ्या डच सरकारने अशा शाळांना ‘रानटी शाळा’ ठरवून परवान्याची सक्ती करणारा वटहुकूम काढला. विरोध एवढा पेटला की तो मागे घ्यावा लागला. देवांतारांचा जन्मदिवस, २ मे, आज तिथे राष्ट्रीय शिक्षण दिन आहे. केनियात किकुयू लोकांनी मिशनपासून फुटून स्वतःच्या शाळा चालवल्या होत्या. १९५२ मध्ये तिथल्या बंडामुळे लावलेल्या आणीबाणीत ब्रिटिशांनी त्या बंद पाडल्या. शिक्षण द्यायला आलेलं सरकार शाळांना टाळं का ठोकेल? या शाळांवर स्वतंत्र लेख लिहा, ही मनापासून विनंती.