जुनी गोल्फ कार्ट आणि 'एका चार्जला शंभर किलोमीटर'

गोव्यातल्या होमस्टेवाल्यांच्या आणि बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हातोहात फिरतोय. थोडक्यात तो असा: "रिसॉर्टवाले जुन्या गोल्फ कार्ट स्वस्तात काढतात, घेऊन टाका. मीटर ४८ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी चांगली समजा. पुढे लिथियम टाकलं की रेंज दुप्पट, एका चार्जला शंभर किलोमीटर, देखभाल शून्य. तेवढे पैसे नसतील तर इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्याही चालतात. एखादी बसली तर तेवढीच बदला. चार्जर जुनाच ठेवा. पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. गावात फिरवायला पासिंगची भानगड नाही."

रिसॉर्टवाले गाड्या काढतात, हे खरं. बाकीचं एकेक करून बघू. क्रम मात्र माझा. जिथे पैसे जास्त बुडतात तिथून सुरुवात.

"लिथियम टाकलं की रेंज दुप्पट"

दुप्पट, पण कशाच्या? हे सांगणाऱ्याने आधी चालवलेली असते ती रिसॉर्टमधून आलेली गाडी, तिच्यात काही वर्षं घासलेला लेड-ॲसिडचा सेट. मग त्याच गाडीत कोरं करकरीत लिथियम बसतं. मरायला टेकलेल्या सेटशी तुलना केली तर दुप्पटच काय, तिप्पटही निघेल. नवा लेड-ॲसिड टाकला असता तरी गाडी अशीच पळाली असती. नव्याशी नवं लावून बघा.

आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या जोडून केलेला ४८ व्होल्टचा सेट गोल्फ कार्टमध्ये सर्रास सापडतो. ट्रोजन कंपनीची टी-८७५ हे त्यातलं नेहमीचं मॉडेल. तिची क्षमता १७० अँपिअर-अवर (किती अँपिअर किती तास मिळतील, त्यांचा गुणाकार), पण तो आकडा २० तासांत सावकाश उतरवल्यावरचा. कार्ट एवढा दम धरत नाही. ५६ अँपिअरने ओढली तर कंपनीच्याच तक्त्यात ११७ मिनिटं दिली आहेत, म्हणजे जेमतेम १०९ अँपिअर-अवर. लेड-ॲसिडमधून जोरात उपसलं की कमी हाताला लागतं, तिचा स्वभावच तो.

सोयीसाठी धरू की ताशी २० किलोमीटरला सरासरी ५६ अँपिअर लागतात. गुळगुळीत डांबरावर, दोनच माणसं असतील तर कमी लागतील. चार माणसं भरून उखणलेल्या वाटेवर जास्त. ११७ मिनिटांत ३९ किलोमीटर होतात, तेही बॅटरी पार कोरडी करून. कोरडी करायची नसते. ऐंशी टक्के उतरवून थांबलात तर ३१. सेट जास्त वर्षं टिकवायचा असेल तर निम्म्यावर थांबायचं, मग १९-२०.

आता नवं लिथियम. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्टचे १६ सेल, एकूण ५१.२ व्होल्ट. बाजारात जास्त खपतो तो १०० ते १०५ अँपिअर-अवरचा पॅक. १०५ चा धरला तर जवळपास ५.४ युनिट वीज मावते आणि त्यातली नव्वद टक्के बिनधास्त वापरता येते. जोरात ओढल्याने इथे फारशी घट होत नाही. त्याच चालीने हिशेब केला तर ३६ किलोमीटर निघतात. तिकडे ३१, इकडे ३६. वर गाडी हलकी होते: सहा टी-८७५ मिळून १७० किलोच्या घरात, हा पॅक साधारण ५० किलोचा. दोन सडपातळ पाहुण्यांचं ओझं कमी झालं, त्याचेही थोडे किलोमीटर मिळतील. फायदा आहेच, पण त्याला दुप्पट म्हणत नाहीत. १६० चा पॅक घेतलात तर पन्नाशी ओलांडाल, मात्र मग किंमतही १६० चीच मोजायची.

"एका चार्जला शंभर"

याच हिशेबाने शंभर किलोमीटरला साडेतेरा युनिटच्या आसपास वीज हवी. म्हणजे १०० चे तीन पॅक. सीटखाली जागा कुठे आहे तेवढी?

आणि हे सगळं सपाटीवरचं झालं. आपल्याकडे सपाटी म्हणजे खाजन (खाडीकाठची सखल जमीन), शेतं आणि किनाऱ्याची पट्टी. बरीच होमस्टे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, नाहीतर डोंगराच्या कुशीत. माणसांसकट ७५० किलोची गाडी ६० मीटर उंच चढवायला, मोटर आणि गिअरमधली गळती धरून, पावणेदोनशे वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट) लागतात. सपाटीवर तेवढ्यात सव्वा किलोमीटर जास्त गेला असतात. पार्किंगपासून वरच्या खोल्यांपर्यंत दिवसाला दहा फेऱ्या झाल्या तर वरच्या १०५ च्या पॅकमधला तिसरा हिस्सा नुसत्या चढाला गेला. उतारावर थोडं वाचतं, सगळं नाही. म्हणून कोणी रेंज विचारली की आधी चढ किती, फेऱ्या किती, हे विचारावं. फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागेत पोफळींमधून संथ फिरणारी कार्ट आणि मांद्र्याच्या सड्यावर सामान चढवणारी कार्ट, दोघींना एकच आकडा लागू पडत नाही.

"मीटर ४८ दाखवतो म्हणजे बॅटरी चांगली"

हे वाक्य विकणाऱ्याच्या फायद्याचं आहे. ४८ हे गाडीचं नाव झालं. चार्ज करून काही तास निवांत ठेवलेल्या चांगल्या लेड-ॲसिड सेटने ५०.९ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. निम्मा उतरलेला सेट ४८.४ दाखवतो. म्हणजे बरोबर ४८ दिसत असेल तर निम्म्याहून जास्त रिकामा, नाहीतर पूर्ण चार्ज होऊनही तेवढाच भरतोय. दुसरी शक्यता वाईट.

उभ्या गाडीचं व्होल्टेज तसंही फसवं. बघायचं ते असं. गाडी रात्रभर चार्ज करून ठेवायला सांगा. सकाळी सीट उचला, सहाही बॅटऱ्यांची टर्मिनलं नीट बघा. पांढरा-हिरवा खवला चढलाय का, एखादीचं पोट फुगलंय का, झाकण उघडल्यावर आतले शिशाचे पत्रे पाण्याखाली आहेत की उघडे पडलेत. मग दोघा-तिघांना बसवून चढावर न्या आणि चालत्या गाडीत एकेका बॅटरीवर मल्टीमीटर लावा. पाच बॅटऱ्या साडेसातच्या आसपास आणि एक सहावर आली, तर ती गेली. हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायची नळी) मिळाला तर आणखी उत्तम. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२७ च्या जवळ हवी आणि सगळ्या सेलांत फार तफावत नको. एखादा सेल १.१५ वरच अडला असेल तर तुम्ही किती गोड बोललात तरी तो वर येत नाही. ट्रोजनच्या ऋण टर्मिनलवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो: अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, आणि आकडा वर्षाचा शेवटचा अंक. नुकताच सेट बदललाय असं ऐकवलं तर तिथे एकदा अंगठा फिरवून बघा.

रिसॉर्टने गाडी काढली त्यामागे बहुतेक वेळा सेट संपत आल्याचंच कारण असतं. म्हणून सौदा करताना नव्या सेटची किंमत गाडीत धरूनच बोला. जुना लेड फुकट देऊ नका, त्याला वजनावर भाव येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे तो अधिकृत ठिकाणीच गेला पाहिजे. नवा घेताना दुकानदाराकडेच द्यावा.

"इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या चालतात"

चालतात, सुरुवातीला. घरातली १५० ची ट्युब्युलर पंखे-दिवे तासन्‌तास सावकाश चालवण्यासाठी असते, तिची १५० बहुधा २० तासांच्या हिशेबातली. कार्ट सुटताना आणि चढावर दोनशे अँपिअरच्या वर झटका मारते. चार ट्युब्युलर ओळीत लावून ४८ होतात, गाडी हलते, पाहुणे फोटोही काढतात. पण चढावर व्होल्टेज कोसळतं, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर हात वर करतो. शिवाय त्या उंच असतात, सीटखाली नीट बसत नाहीत. वाकड्यातिकड्या बांधलेल्या बॅटरीतून खड्ड्यात ॲसिड सांडलं की ते चासी खातं. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या यापेक्षा बऱ्या. त्या निदान गाडी ओढण्यासाठी केलेल्या असतात. सपाट आवारात, थोड्या फेऱ्यांसाठी, हात आखडता असेल तर माझी त्यांना ना नाही.

"एखादी बसली तर तेवढीच बदला"

सेट पहिल्या काही महिन्यांतला असेल तर ठीक. त्यानंतर नको. म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला तरणा खोंड जुंपल्यासारखं होतं: ओळीत जोडलेल्या बॅटऱ्यांतून सारखाच करंट जातो, जुन्या आधी रिकाम्या होतात, आधी भरतात, आणि चार्जर कोणाच्या मापाने थांबावं या गोंधळात सगळ्यांनाच बिघडवतो. अगदीच अडलं तर त्याच वयाची चांगली जुनी बॅटरी शोधा.

"पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका"

हे निकेल-कॅडमियमच्या काळातलं. लेड-ॲसिड तर उतरलेली ठेवली की पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि ते घट्ट झालं की क्षमता कायमची गेली. फेरी झाली, गाडी लागली, चार्जिंग लागलं, हीच सवय बरी. लिथियमलाही पूर्ण उतरवण्याची काही गरज नाही.

"देखभाल शून्य"

लेड-ॲसिडला पाणी लागतं, हे कोणी नाकारत नाही. चार्ज पूर्ण झाल्यावर, पत्रे बुडून वर थोडं राहील एवढंच डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी आपल्या जांभ्याच्या मातीतलं लोह त्यात उतरलेलं असू शकतं, आणि बॅटरी त्याने आतल्या आत उतरते. एसीच्या नळीखाली बादली लावून जमवलेलं पाणी 'तेच डिस्टिल्ड' म्हणून ओतणारेही पाहिलेत. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू असतो. टर्मिनलं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायची, सोडा सेलच्या आत जाऊ द्यायचा नाही, वर व्हॅसलीन. समुद्राकाठी हे जरा लवकर लवकर करावं लागतं. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत नको आणि शेजारी समई-उदबत्ती तर नकोच.

लिथियमला पाणी लागत नाही. पण खारी हवा तिच्या टर्मिनलांनाही खाते, तारांच्या टोकांचे लग सैल झाले की तापतात. आणि तिच्या पोटातला बीएमएस, म्हणजे सेलांवर नजर ठेवून गरज पडली की वीज तोडणारं सर्किट, हा नवा नाजूक पाहुणा आहे.

निवड कशी करायची, याचं माझं उत्तर मजकुरापेक्षा थोडं उलटं पडेल. गाडी रोज थोडी चालते, पाणी घालायला भरवशाचा माणूस आहे, चढ कमी आहे, अशा बागायतीला चांगला नवा लेड-ॲसिड सेट अजूनही पुरतो. ज्यांचा धंदा पावसाळ्यात बंद असतो, जून ते सप्टेंबर गाडी ताडपत्रीखाली पडून राहते, त्यांनी लिथियम घ्यावं. गोव्याच्या उकाड्यात नुसती उभी लेड-ॲसिड आपोआप उतरते आणि चतुर्थीनंतर ताडपत्री काढावी तर सल्फेट धरलेलं. लिथियम मात्र अर्धवट भरून, मेन स्विच काढून ठेवली तर तशीच सापडते. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्यांनाही लिथियम परवडतं, कारण मधल्या वेळेत झटपट चार्ज होतं.

लिथियम घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक, वजन. १०० अँपिअर-अवरचा फॉस्फेट सेल साधारण दोन किलोचा, १६ सेलांचेच तीसेक किलो झाले, वर पेटी आणि तारा. समोरचा पॅक पंचवीस किलो भरला तर स्टिकर खोटा. दुसरी गोष्ट बीएमएसची. स्वस्त पॅकमध्ये १०० अँपिअरचा बीएमएस असतो. सपाटीवर सगळं छान, आणि भरल्या गाडीने चढ घेतला की मध्यावर काट्कन बंद. मागे चार पाहुणे, ब्रेक फक्त मागच्या चाकांना. निदान २०० अँपिअर सलग आणि त्याच्या वर काही सेकंदांचा झटका सोसणारा बीएमएस मागा.

"चार्जर जुनाच ठेवा"

नको. लेड-ॲसिडच्या चार्जरमध्ये शेवटी व्होल्टेज चढवण्याचा टप्पा असतो. लिथियमच्या १६ सेलांची मर्यादा ५८.४ व्होल्ट. ती ओलांडली की बीएमएस तोडतो. उलट बीएमएस झोपला असेल तर जुन्या चार्जरला समोर बॅटरीच दिसत नाही आणि तो सुरूच होत नाही. क्लब कार कंपनीच्या कित्येक जुन्या ४८ व्होल्टच्या गाड्यांत चार्जिंग गाडीतला कॉम्प्युटर सांभाळतो, लिथियम बसवताना तो बाजूला काढावा लागतो. डॅशबोर्डवरचा जुना इंधनकाटाही बदला. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, काटा भरलेला दाखवत असतानाच गाडी थांबते.

घर सड्यावर असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: उतारावर वीज परत बॅटरीत भरणाऱ्या गाड्या असतात. रात्री शंभर टक्के चार्ज करून सकाळी थेट उतार धरला तर ती वीज घ्यायला पॅकमध्ये जागा नसते, बीएमएस दार लावतो आणि मोटरचा ब्रेक ऐन उतारावर सुटू शकतो. चार्ज थोडा कमीच ठेवून निघावं.

"पासिंगची भानगड नाही"

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधून कार्टसारख्या गाड्या सुटतात त्या फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या म्हणून. आवाराच्या फाटकाबाहेर ही सूट संपते. नोंदणी नाही म्हणून थर्ड पार्टी विमाही नाही, आणि पाहुण्यांना घेऊन बाजारात गेलेली कार्ट कोणाला धडकली तर दवाखान्याचं बिल मालकाच्या खिशातून जातं.