‘निधी उपलब्धतेनुसार’ म्हणजे नेमकं कधी?

मार्च संपत आला होता. इथे न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ, बहिणीकडे सकाळचे सात. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची ती मुख्याध्यापिका. "दादा, लिमिट आली एकदाची! पण एकतीस तारखेच्या आत खर्च टाकायचाय, नाहीतर परत जाईल."

लिमिट म्हणजे शाळेला खर्चासाठी मिळालेली रक्कम. हे पैसे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचे. निकष असा की पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार. तिचा पट 64. म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या जरा वर, आणि त्यात खडू, झाडू, नळाची दुरुस्ती, वीजबिल सगळं बसवायचं. जूनपासून मार्चपर्यंत तिने हे पगारातून भागवलं.

रक्कम तुटपुंजी आहेच, पण मला जास्त राग येतो तो मिळणाऱ्या उत्तरांचा. सप्टेंबरमध्ये विचारलं, "वरून आलेलं नाही." डिसेंबरमध्ये विचारलं, "प्रस्ताव पाठवलाय." शेवटी बाबांनी माहिती अधिकारात अर्ज करायचं ठरवलं, तर ती घाबरली. "माझ्या शाळेचं नाव घालू नका हं." म्हणून बाबांनी तालुक्यातल्या सगळ्याच शाळांची माहिती मागितली: किती मंजूर झालं, जिल्ह्याला कोणत्या तारखेला आलं, शाळांना कधी गेलं. तीस दिवसांची मुदत संपता संपता एका ओळीचं उत्तर आलं. ‘निधी उपलब्धतेनुसार अनुदान वितरित करण्यात येते.’ ना आकडा, ना तारीख. 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की मंजूर तरतूद आणि झालेलं वितरण कार्यालयाने कुणी मागण्याआधीच जाहीर करायचं असतं!

मी इथे घराचा मालमत्ता कर भरतो. त्या बिलावर शाळांचा वाटा वेगळ्या ओळीत छापलेला असतो. माझ्या बिलात तो निम्म्याहून जास्त आहे. दर वसंतात शाळांच्या अंदाजपत्रकावर जाहीर सुनावणी होते, एका विद्यार्थ्यामागे किती खर्च हे आधीच वेबसाइटवर असतं, आणि कुणीही माइकपाशी जाऊन विचारू शकतं. 2018 च्या कायद्याने इथल्या अनेक शाळा-जिल्ह्यांची (म्हणजे गावोगावच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांची) राज्याकडून येणारी मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी केली. शिक्षक कमी झाले, पालक ट्रेंटनला राजधानीत जाऊन निदर्शनं करून आले. पण किती कापलं, हा आकडा त्यांच्या हातात होता, म्हणून त्यावर भांडता आलं.

इथे सगळं न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. शाळा मालमत्ता करावर चालतात, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत. गरीब शहरांतल्या मुलांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा मिळावा, यासाठी 1990 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला ॲबट खटल्यात आदेश द्यावा लागला. आणि "राज्याकडून स्पष्टता येण्याची वाट पाहतोय" हे गुळमुळीत वाक्य मी इथल्या सभेतही ऐकलंय. फक्त तिथे लोक छापलेला कागद पुढे करून पुन्हा विचारतात.

गावाकडचे मित्र म्हणतात, "अमेरिकेकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठे?" मान्य. पण पैसे कधी येणार आणि कुठे अडकलेत हे सांगायला पैसे लागत नाहीत. जुलै 2025 मध्ये अंशतः अनुदानित शाळांचे, म्हणजे जिथे पगाराचा काही भागच सरकार देतं अशा खासगी शाळांचे शिक्षक भर पावसात आझाद मैदानावर बसले, ते का? अनुदानाचा पुढचा 20 टक्क्यांचा टप्पा देण्याचा शासन निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये निघाला होता, तरतूद मात्र झाली नव्हती. बहिणीला मिळालेलं उत्तर आणि हे, दोन्ही एकाच घरचं.

आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर शाळेच्या इन्व्हर्टरसाठी वर्गणी काढली. मी आनंदाने दिली, पुन्हाही देईन. पण लोकवर्गणी वाढली की सरकारी खात्याला विचारणं थांबतं, याची मला काळजी वाटते. इन्व्हर्टर लागला त्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं, "आता अनुदानाची गरजच काय?"

बाबांनी पहिलं अपील टाकलंय. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, तालुक्याला जायला एसटी दोनदा बदलावी लागते. बहीण अजूनही म्हणते, माझं नाव नको. म्हणून अपिलातही तालुक्यातल्या सगळ्या शाळांचीच यादी मागितलीय, प्रत्येकीसमोर रक्कम आणि तारीख.