म्यूल डिअर शिकाऱ्यांनी संपवली म्हणे!

मी कोलोरॅडोत राहतो. म्यूल डिअर म्हणजे इथली खेचरासारख्या मोठ्या कानांची रानहरणं. इथे ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम उघडला की आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरून येतो. यंदा तो मला सहा जणांनी पाठवला. मजकूर असा: 'अमेरिकेच्या पश्चिमेकडची म्यूल डिअर झपाट्याने कमी होत आहेत. कारण एकच, शिकारी. सरकार पैशासाठी मागेल त्याला परवाना देतं. भारताने १९७२ मध्ये केली तशी शिकारबंदी करा. निसर्ग आपोआप तोल सांभाळेल आणि हरणं परत येतील.' खाली एका खंगलेल्या हरणाचा फोटो. मान खाली, तोंडातून लाळ गळतेय. त्यावर लिहिलंय, 'शिकाऱ्यांच्या धास्तीने अन्नपाणी सोडलेलं हरीण'.

मी शिकार करत नाही, मांसही खात नाही. त्यामुळे शिकाऱ्यांची वकिली करायचं मला काही कारण नाही. पण या मेसेजमध्ये पहिलं वाक्य सोडलं तर फारसं काही टिकत नाही.

पहिलं वाक्य मात्र खरं आहे. एकट्या कोलोरॅडोत २००६ च्या सुमारास अंदाजे ६ लाख म्यूल डिअर होती. २०१८ पर्यंत ती साडेचार लाखांच्या खाली आली. आणि एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस विकण्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने ही हरणं खरोखरच संपत आली होती. म्हणजे लोकांच्या मनातला राग उगाच आलेला नाही, फक्त तो शंभर वर्षं जुना आहे.

'कारण एकच, शिकारी'

गावात वळू दोनच असले म्हणून गाई गाभण राहायच्या थांबत नाहीत. इथेही तेच. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. शंभर माद्यांमागे वीसेक नर असलेल्या कळपातही जवळपास सगळ्या माद्या गाभण राहतात. शिकाऱ्यांना मिळणारे परवाने बहुतांश नरांचे असतात. कळप वाढणार की आटणार हे ठरतं ते किती माद्या वसंतापर्यंत तगल्या आणि जूनमध्ये जन्मलेल्या जुळ्या पाडसांपैकी किती वर्षाची झाली यावर. मादीच्या शिकारीने फरक पडतो, नक्की पडतो. म्हणूनच कळप घसरायला लागला की माद्यांचे परवाने आधी कापले जातात.

याचा रोकडा पुरावा शेजारच्या वायोमिंग राज्यात, पाइनडेलजवळ आहे. तिथल्या पठारावर नैसर्गिक वायूच्या विहिरी खोदल्या गेल्या, नेमक्या हरणांच्या हिवाळी चाऱ्याच्या जागेत. अभ्यासकांनी १५ वर्षं मोजणी केली. त्या काळात तिथली शिकार ४५ टक्क्यांनी कमी झाली होती. मेसेजच्या हिशेबाने हरणं वाढायला हवीत. ती ३६ टक्क्यांनी घटली. इतक्या वर्षांनंतरही हरणं विहिरींपासून सुमारे किलोमीटरभर लांबच राहत होती. गोळी कुणी झाडली नाही, पण पानातलं जेवण काढून घेतलं.

'शिकार थांबवा, हरणं परत येतील'

इथे हिवाळा म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं. उन्हाळाभर डोंगरावर चरून म्यूल डिअर अंगात चरबी साठवतात आणि बर्फ पडायला लागला की खाली सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळावर उतरतात. वायोमिंगमधला एक कळप त्यासाठी रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत सुमारे २४० किलोमीटर ये-जा करतो. हिवाळ्यात मिळतं ते झुडपांचं काडीकुडी खाणं. त्याने भागत नाही. रोज थोडी थोडी चरबी जळत जाते. खरं तर तो चारा नव्हे, वेळकाढूपणा आहे. बर्फ खोल असेल, वरचा थर गोठून कडक झाला असेल, तर प्रत्येक पावलाला जास्त चरबी खर्च होते. माणसांमुळे, कुत्र्यांमुळे, स्नोमोबीलमुळे (बर्फावर चालणाऱ्या गाड्यांमुळे) विनाकारण पळावं लागलं तर आणखी.

मेलेलं हरीण सापडलं की जीवशास्त्रज्ञ मांडीचं हाड फोडून मज्जा बघतात. धडधाकट जनावराची मज्जा पांढरी आणि घट्ट असते, तुपासारखी. उपासमारीने मेलेल्याची लाल आणि जेलीसारखी थलथलीत. शरीर सगळ्यात शेवटी हाडातली चरबी जाळतं, त्यामुळे ती संपली म्हणजे सगळं संपलं. पोट मात्र कधी कधी भरलेलं असतं, काड्यांनी.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात वायोमिंग रेंज या डोंगररांगेतल्या कळपात हेच झालं. रेडिओ कॉलर लावलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त मेल्या आणि पाडसं तर जवळजवळ सगळीच गेली. त्या महिन्यांत शिकार बंदच असते.

मग ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच, 'शिकारी नाहीत, कायोटी (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) खातात पाडसं.' खातात ना. म्हणून आग्नेय आयडाहोत १९९७ ते २००३ या काळात कायोटी आणि प्यूमा (डोंगरी सिंह) मारून बघितले. कळप म्हणावे तसे वाढले नाहीत. शेवटी हिवाळ्याचंच चाललं. उलट कोलोरॅडोच्या अनकंपाग्रे पठारावर शिकारी प्राण्यांना हात न लावता हरणांना हिवाळ्यात चांगलं खायला घातलं, तर पाडसं जास्त जगली. अर्थात लाखो हरणांना कायम खाणावळ घालता येत नाही. पण दुखणं कुठे आहे ते त्यातून कळलं.

'मागेल त्याला परवाना'

१९९९ पासून कोलोरॅडोत हरणांचा प्रत्येक परवाना मर्यादित आहे. राज्याचे शिकारीसाठी छोटे छोटे भाग पाडलेत. प्रत्येक भागात किती नर, किती माद्या, कोणत्या आठवड्यात, बंदुकीने की धनुष्याने, हे दरवर्षी ठरतं. अर्ज करायचा आणि म्हाडाच्या घरासारखी सोडत निघायची वाट बघायची. नंबर लागला नाही तर एक पॉइंट जमा. आमच्या शेजारचे आजोबा एका चांगल्या भागासाठी कित्येक वर्षं पॉइंट साठवत बसलेत. दर उन्हाळ्यात निकाल लागला की त्यांचं तोंड बघून उत्तर कळतं.

पैशांच्या आरोपात मात्र तथ्य आहे. वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च परवान्यांच्या फीवर आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या, रायफल-काडतुसांवरच्या ११ टक्के करावर चालतो. ज्यांच्या पैशावर खातं चालतं त्यांचंच ऐकलं जाण्याचा धोका त्यात आहेच, आणि त्यावर बोलायलाच हवं. तरीही त्या भीषण हिवाळ्यानंतर वायोमिंगने हंगाम आखडले आणि परवाने कापले, उत्पन्न बुडवून.

'निसर्ग आपोआप तोल सांभाळेल'

ॲरिझोनातलं कायबाब पठार. १९०६ मध्ये ते राखीव झालं, हरणांची शिकार बंद झाली आणि वर प्यूमा, लांडगे, कायोटी सरकारी माणसं लावून मारले. हरणं इतकी वाढली की चारा उरला नाही आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत ती उपाशी मेली. (४ हजारांची १ लाख झाली, हा जुन्या पाठ्यपुस्तकातला आकडा पुढे अभ्यासकांनी मोडीत काढला, तेव्हा तो मला फॉरवर्ड करू नका.) त्यात १९२४ च्या डिसेंबरात जॉर्ज मॅककॉर्मिक नावाच्या गृहस्थाने हरणं हाकत हाकत ग्रँड कॅन्यनच्या दरीपलीकडे न्यायचा बेत केला. माणसं जमली, घंटा आणि पत्र्याचे डबे वाजवत निघाली, बर्फाचं वादळ आलं. हरणं त्यांच्या रांगेतून मागे सटकली. पलीकडे एकही गेलं नाही.

शिकारबंदी आणि शिकारी प्राण्यांचा नायनाट एकाच वेळी झाल्यामुळे दोष नेमका कशाचा, यावर वाद आहे. पण 'आपोआप' तिथे काही झालं नाही, यावर नाही.

'भारताने १९७२ मध्ये केली तशी'

हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा नान्नजला जाऊन यावं. १९७२ च्या कायद्याने माळढोकाची शिकार बंद झाली, १९७९ मध्ये सोलापूरजवळ त्याच्यासाठी अभयारण्यही झालं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. बंदी हवी होतीच, पण बंदीने गवत उगवत नाही.

आणि तो फोटो

ते हरीण घाबरलेलं नाही, आजारी आहे. खंगणं, लाळ गळणं, मान टाकणं ही क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची लक्षणं. १९६७ मध्ये कोलोरॅडोच्याच फोर्ट कॉलिन्समध्ये पाळीव म्यूल डिअरमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. बिघडलेल्या प्रथिनांमुळे मेंदू पोखरला जातो. औषध नाही, लस नाही, आणि ती प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. वायोमिंगच्या कॉन्व्हर्स काउंटीत या रोगाने एक कळप वर्षाला सुमारे २१ टक्क्यांनी घटत असल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. प्रौढ नरांत लागण माद्यांच्या साधारण दुप्पट असते. म्हणून कोलोरॅडोत जिथे लागण ५ टक्क्यांच्या वर जाते, तिथे नरांची शिकार वाढवण्याचा उपाय केला जातो. फोटो ज्या कारणासाठी फिरवला जातो, त्याच्या बरोबर उलट.

ठरावीक भागांत शिकाऱ्याला हरणाचं डोकं तपासणीला द्यावंच लागतं. केंद्रावरचा माणूस हातमोजे घालतो, घशामागून दोन लसिकाग्रंथी कापून काढतो, पिशवीत टाकतो, वर नंबर लिहितो. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये मागच्या वेळी मांसाची पाकिटं तशीच ठेवलेली होती, प्रत्येकावर मार्करने तोच नंबर. निकाल येईपर्यंत आजींनी एकही उघडू दिलं नाही.