अ‍ॅलन हिल्स ८४००१ : उरलेल्या तीन टक्क्यांबद्दल

नमस्कार. अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या या अशनीवरच्या (अवकाशातून पडलेल्या दगडावरच्या) माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. माझ्या कोष्टकातल्या खनिजांच्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते आणि आकडे इतरत्र छापलेल्यांशी जुळत नाहीत. जो दगड १९८४ पासून नऊ वर्षं डायोजेनाइट, म्हणजे वेस्टा लघुग्रहाकडचा, समजला गेला, त्याच्या खनिजांवरून काही ठरतं म्हणण्यात अर्थ नाही. तो मंगळाचा असल्याचा निकाल लावला तो ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंनी). आणि त्यातलं कार्बोनेट अंटार्क्टिकाच्या वितळपाण्यातून आलेलं असणार.

पहिला आक्षेप मान्य. ऑर्थोपायरोक्सीन (मॅग्नेशियम-लोहाचं सिलिकेट) ९७, क्रोमाइट (क्रोमियम-लोहाचं ऑक्साइड) २ आणि मॅस्केलिनाइट (फेल्डस्पारची काच) १ टक्का हे एका मोजणीचे आकडे. कार्बोनेटचा सुमारे १ टक्का दुसऱ्या छेदांवरचा (दगडाच्या पातळ चकत्यांवरचा). मी ते एकाच रांगेत बसवले, म्हणून १०१. शिवाय मथळ्यात ‘वजनाने’ पडलं, तिथे ‘आकारमानाने’ हवं. फरक किरकोळ नाही. क्रोमाइट पायरोक्सीनपेक्षा बरंच जड, त्यामुळे आकारमानाचे २ टक्के वजनात पावणेतीनच्या घरात जातात.

मात्र दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत यात चूक असेलच असं नाही. मोजणी होते ०.०३ मिलिमीटर जाडीच्या छेदावर, ठरावीक अंतरावर बिंदू घेऊन. हजार बिंदूंत क्रोमाइटवर वीसेक पडतात. म्हणजे निव्वळ योगायोगाने २ चे १.२ किंवा २.८ होऊ शकतात. त्यात या दगडातले पायरोक्सीनचे स्फटिक काही मिलिमीटरचे, आणि क्रोमाइट सारखं विखुरलेलं नाही, चिरडलेल्या पट्ट्यांच्या आसपास गोळा झालेलं. छेद कुठून कापला त्यावर आकडा हलतो. मॅस्केलिनाइट तर आणखी फसवं. धक्क्याने काचेसारखं झालेलं हे प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पारचा एक प्रकार) सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांखाली (प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणाऱ्या चकत्यांखाली) काळं दिसतं, आणि चकती करताना रेझिन (डिंकासारखा पदार्थ) भरलेलं भोकही काळंच दिसतं. ध्रुवक काढून पाहिलं नाही तर खनिज पोकळी म्हणून मोजलं जातं.

आता दुसरा आक्षेप, जो मला सगळ्यात पटत नाही. ९७ टक्क्यांवरून हा दगड ओळखू येत नाही हे खरं. ऑर्थोपायरोक्सीनमध्ये लोहाचा वाटा सुमारे २७ टक्के (मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम यांच्या अणूंच्या हिशेबात), आणि तो डायोजेनाइटच्या पट्ट्यात बिनतक्रार बसतो. छोट्या तुकड्यावरून केलेलं पहिलं वर्गीकरण चुकलं ते त्यामुळेच. पण १९९३ मध्ये अशनींचे अभ्यासक डेव्हिड मिटलफेल्ट यांना हा दगड वेस्टाचा नसून मंगळाचा असावा अशी शंका आली ती उरलेल्या तीन टक्क्यांवरून. ऑक्सिजनची मोजणी त्यानंतरची. तिने शंका पक्की केली, निर्माण केली नाही.

गंधकाचं खनिज घ्या. डायोजेनाइटमध्ये ट्रॉइलाइट असतं : लोहाच्या एका अणूला गंधकाचा एक, वजनाने ६३.५ टक्के लोह आणि ३६.५ टक्के गंधक. इथे इलेक्ट्रॉन शलाकेखाली (कणावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत टाकून त्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रात) कणांत लोह ४६.६, गंधक ५३.४ च्या आसपास येतं. म्हणजे एकास दोन, पायराइट. इतका फरक यंत्राच्या चुकीत खपत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात मात्र तो सुटतो, कारण खालून प्रकाश टाकला की क्रोमाइट आणि पायराइट दोन्ही काळे ठिपके. वरून परावर्तित प्रकाश टाकला की क्रोमाइट मंद करडं राहतं आणि पायराइट पिवळसर चमकतं.

क्रोमाइटमध्ये तीन भार असलेलं लोह आहे. शलाका लोहाच्या दोन अवस्था वेगळ्या दाखवत नाही. चार ऑक्सिजनमागे तीन धनायन (धन भार असलेले अणू) हा हिशेब धरून भार जुळवायचा आणि जो तुटवडा निघतो तो त्रिभारित लोहाच्या खात्यात टाकायचा. वेस्टावरच्या दगडांत हे खातं जवळजवळ रिकामं असतं, कारण तिथली परिस्थिती फार क्षपणकारी, म्हणजे मोकळा ऑक्सिजन अगदी कमी असलेली. धातुरूप लोहाचे कणही सापडतात. तिसरी खूण मॅस्केलिनाइट : सोडियमकडे झुकलेलं, तर डायोजेनाइटमधलं प्लॅजिओक्लेज कॅल्शियमने भरलेलं. (इथे शलाका बारीक आणि प्रखर ठेवली तर सोडियम पळतं आणि खनिज खोटंच कॅल्शियमयुक्त दिसतं. शलाका पसरट ठेवावी.)

तिसऱ्या शंकेला आधार आहे. बर्फावर कार्बोनेट खरंच उगवतं. लुइस क्लिफ ८५३२० या अशनीवर नेस्क्वेहोनाइटचा (मॅग्नेशियमच्या पाणीयुक्त कार्बोनेटचा) पांढरा थर सापडला आणि तो काही दशकांतला निघाला. पण तो थर पाणी धरून ठेवणारा, मऊ, पृष्ठभागावरचा. ८४००१ मधले कार्बोनेटचे गोळे आतल्या भेगांत आहेत, दशांश-दोन दशांश मिलिमीटरचे : मधे लोह-कॅल्शियमचा नारिंगी गाभा, कडेला मॅग्नेशियमचं पांढरं कडं, आणि त्या कड्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेटाइटची (लोहाच्या ऑक्साइडची) काळी रेघ. त्यांचं वय ३.९ अब्ज वर्षांच्या आसपास येतं. तेही बाजूला ठेवा आणि फक्त छेद पाहा : काही गोळे भेगांनी चिरलेत, काहींत धक्क्याने वितळलेली फेल्डस्पारची काच घुसलेली आहे. दगड बर्फावर होता सुमारे १३ हजार वर्षं, आणि एवढ्यात फेल्डस्पार वितळवणारा धक्का तिथे त्याला कुणी दिला?

दगडातल्या सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत मात्र पृथ्वीवरचं काही आत शिरल्याचा तुमचा संशय बऱ्याच अंशी बरोबर ठरला आहे. त्यातल्या बहुतांश कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ सापडलं, म्हणजे तो पृथ्वीवरूनच आत शिरला. मूळ लेखात हे एका वाक्यात उरकलं होतं, ते वाढवतो. कोष्टक दोन भागांत तोडलंय, प्रत्येकाखाली मोजणी आकारमानाची असल्याचं लिहून.